भुरेवयनींच्या स्वयंपाकघरातले जोड

माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मी जेवढी उभी राहिले असेन, त्याहून जास्त दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात रांगले आहे. रांगले हा शब्द मुद्दाम लिहिला. हातात टेप, कानावर पेन्सिल, आणि गुडघ्यांवर चालत ओट्याखालचा कोपरा मोजायचा. तिथे लसणाची सालं, बाटल्यांची झाकणं, एखादं हरवलेलं जोडवंसुद्धा सापडायचं. घरातली बाई लाजून अर्धी व्हायची. "बाई, तिकडं पाहू नका हो, आजच झाडाचं राहिलं!" मी म्हणायची, "एकदा माह्या घरी या, तुमाले बरं वाटन."

आमचं, म्हणजे रामटेक्यांचं, दुकान सिविक सेंटरच्या बाजूच्या एका गल्लीत. विनाइल म्हणा, पीव्हीसी म्हणा, भिलाईत सगळे त्याला मॅटच म्हणतात. रोलमध्ये येते, हवी तेवढी कापायची, जमिनीवर अंथरायची. दुकानावर आमचे हे बसायचे आणि मापाला मी जायची. कारण साधं होतं. स्वयंपाकघरात परका माणूस शिरला की बाई गप्प होते आणि तिचा नवरा बोलायला लागतो. नवऱ्याला स्वयंपाकघरातलं काय ठाऊक असतं? पाण्याचा माठ कुठे आहे, एवढंच.

बाहेरच्या वाचकांना वाटेल, फरशी सोडून लोक मॅट कशाला घालतात. त्यांनी इथल्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहून पाहावं. क्वार्टर आपलं नसतं. रिटायर झालं की किल्ली परत करायची, त्यामुळे जमीन खोदून टाइल्स बसवायला कोणाचं मन होत नाही. जमीन मात्र जुन्या सिमेंटची, भेगा पडलेली, कुठे खड्डा तर कुठे कोणीतरी लावलेलं ठिगळ. मग मॅट घालायची, आणि जाताना गुंडाळून सोबत न्यायची. घडी नाही हं, गुंडाळी. घडी घातली की तिथेच चीर पडते. हे मी हजार वेळा सांगितलं असेल आणि लोकांनी हजार वेळा घडीच घातली.

निवडायची कशी, तेही सांगून टाकते. दुकानातल्या टेबलावर ठेवून मॅट कधी पाहू नये. जमिनीवर टाकावी, चप्पल काढून वर उभं राहावं, थोडं पाणी सांडावं, तेलाचा थेंब टाकावा आणि पाय घासून पाहावा. पांढरी घेतली तर केस न् केस दिसतो. काळी घेतली तर कणीक दिसते. भिलाईची धूळ ज्या रंगाची, त्याच्या जवळपासचा रंग घेतलेला बरा, आपल्यालाही त्रास नाही आणि धुळीलाही नाही. फार खोल नक्षी घेतली तर खाचांमध्ये तेलकट मळ बसतो आणि दात घासायच्या ब्रशने काढावा लागतो. फार गुळगुळीत घेतली तर पाणी सांडलं की माणूस सांडतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, मॅटवर तापलेली कढई ठेवायची नाही. आमच्या बायकांना सवय सिमेंटची. गॅसवरून उतरवली की थेट खाली. एका ताईंनी नवीन मॅटवर पहिल्याच दिवशी कढई टेकवली आणि मला फोन केला, "बाई, तुमची मॅट कढईले चिकटली." मॅट माझी, कढई त्यांची, चूक कोणाची ते विचारू नका.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. सासू म्हणायची, "माहं काय, सुनेच्या पसंतीनं होऊ द्या," आणि सुनेने बोट ठेवलं की सासूला खोकला यायचा. एका घरी सगळ्यांच्या संमतीने कमळांची मॅट बसवली. झकास दिसत होती. दुसऱ्या दिवशी आजी दारातच अडून उभ्या. "लक्ष्मी ज्याच्यावर बसते, त्याच्यावर पाय देऊ का मी?" घरात चहा होईना. शेवटी कमळं काढून आणली आणि चौकड्या बसवल्या. ती कमळं आमच्या गोदामात पडून राहिली. आमचे हे म्हणायचे, "ठेव, लक्ष्मी आपल्याकडेच राहू दे."

पण मला सांगायचं आहे ते भुरेवयनींबद्दल.

भुरेभाऊ मरोद्याकडच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मूळ भंडाऱ्याकडचे, कारखान्यातल्या मिलमध्ये कामाला. उंच, हाडापेराने मजबूत, आणि कानात मशिनीचा आवाज बसल्यामुळे बोलणं नेहमी ओरडल्यासारखं. दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, आमच्या स्वयंपाकघराची जमीन पार फुटली. बायको दोनदा ठेचकाळून पडली. चांगल्यातली मॅट पायजे. अन् एक सांगून ठेवतो, जोड नको. एकजीव पायजे. जोड म्हनजे आज ना उद्या तिथूनच उसवनार."

मी म्हटलं, "भाऊ, तुमचं स्वयंपाकघर रोलच्या रुंदीत बसलं, तं जोड कावून मारू?"

"तेच म्हनतो मी. अन् पसंती तिची. मले त्यातलं काही समजत नाही."

बायकोची पसंती विचारणारा नवरा दिसला की मला आपसूकच बरं वाटायचं. नमुन्यांची पिशवी घेऊन मी दुसऱ्या दिवशी गेले. भाऊ ड्यूटीवर होते. मुलगी अर्चना लग्न होऊन रायपूरला, त्यामुळे घरात वयनी एकट्याच. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. स्वयंपाकघर लखलख. डबे एका ओळीत, प्रत्येक डब्याचं झाकण वेगळं. एकाला दोरी बांधलेली, एकाला रबर, एक बिनझाकणाचा, वर वाटी पालथी घातलेली. मला वाटलं, असेल काटकसरी बाई.

पण बाप्पा, त्या बाईने मला रडवलं! पहिला नमुना दाखवला, "नको." दुसरा, "नको." तिसऱ्याला हात लावला, बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "बरा नाही वाटत." बरा नाही म्हणजे काय? रंग? नक्षी? "मनात नाही बसत." त्या आठवड्यात मी तीन चकरा मारल्या. प्रत्येक वेळी शेव, चिवडा, गोड बोलणं, आणि शेवटी नको. घरी येऊन मी आमच्या ह्यांच्यावर चिडले, "तिले मॅट नकोच आहे. नवऱ्याले सांगत नाही, मले पिदाडून राहिली!"

हे म्हणाले, "मंग नको म्हनून सांग भुरेभाऊले."

मी निघाले तेच भांडायचं ठरवून. पिशवीतून नमुना काढला आणि बोलता बोलता त्यांच्या हातात दिला. मॅटच्या पाठीला नुसतं मळकं, कापसासारखं अस्तर असतं. घाईत मी नमुना पालथाच दिला होता. उलटा करणार, तेवढ्यात वयनी त्या अस्तराकडे पाहून म्हणाल्या, "फुलं चांगली आहेत. पन रंग जरा फिका आहे, नाही?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. काहीतरी चुकलं हे त्यांना समजलं, पण हसू तसंच तोंडावर राहिलं. त्यांनी नमुना चाचपला, उलटा केला, परत चाचपला.

"पालथा होता का?" त्यांनी विचारलं.

"हो वयनी."

त्या खाली बसल्या. मीही बसले. गॅसवर वरण शिजत होतं.

काचबिंदू. दुर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर आता येणार नाही, राहिली आहे ती थेंबांनी टिकेल तेवढी टिकेल. शेजारणीला सोबत घेऊन त्या गुपचूप जायच्या. घरी सांगायच्या, डोळ्यात कचरा गेला, जळजळ होते, म्हणून औषध. एका डोळ्याने थोडा उजेड, दुसऱ्याने तोही नाही. आणि ह्या बाईने तशात रोज वेळेवर डबा केला, फर्स्ट शिफ्ट असो की नाइट. पोळ्या गोल. भाजीत मीठ बरोबर.

"पन चालता कशा?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

त्या उठल्या, अनवाणीच. दारात उभ्या राहिल्या. "हे पाहा, इथून भेग निघते. अंगठ्यानं धरली का सरळ गॅसपाशी जाते. इथी सिमेंटाचं ठिगळ आहे, खरखरीत. पायाखाली ठिगळ लागलं का समजायचं, समोर गॅस आहे, हात पुढं करायचा नाही, आधी बटन चाचपायचं. अन् तिकडं खड्डा लागला का मोरी." त्या चालत होत्या आणि मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. अंगठा जमिनीवर हळू सरकत होता.

"मंग पडल्या कशा?"

"कोनी पोतं ठेवलं होतं मधात. अर्चनाच्या बाबांनीच. तांदळाचं."

आता सगळं माझ्या लक्षात आलं. मॅट घालायची तर आधी जमीन सपाट करावी लागते. भेगा भरायच्या, खड्डे बुजवायचे, ठिगळ घासून काढायचं. नाहीतर खालचा प्रत्येक खडा वर दिसतो. म्हणजे माझ्या चांगल्या कामाने वयनींचा रस्ताच पुसला गेला असता. भाऊंना वाटत होतं, बायको पडू नये म्हणून आपण करतो आहोत. आणि ती नको म्हणू शकत नव्हती, कारण नको म्हटलं की का नको ते सांगावं लागणार.

"सांगून टाका नं वयनी भाऊले," मी म्हटलं. "चांगला माणूस आहे."

"चांगला आहे म्हनूनच नाही सांगत." त्यांनी माझा हात धरला. "माह्या मायले असंच झालं होतं. गावात. भावानं वाईट नाही केलं काही. खाटेवर बसवलं ओसरीत, म्हने, माय, तू आता आराम कर. जेवन हातात आनून द्यायचे. एक दिवस तिनं पान्याचा गिलास भरून दिला पाहुन्याले, तं भावजयीनं त्याच्या हातातून काढून घेतला. म्हने, यात काही पडलं अशीन. मंग मायनं कशालेच हात नाही लावला. मेली तं खाटेवरच मेली. बाई, मले काही बी होऊ दे, पन तसं बसाले नाही जमनार मले. तुमी सांगू नका."

भाऊंना सांगणार नाही असा शब्द देऊन मी घरी आले, तर मला जेवण जाईना. उद्या पदर पेटला तर? माहीत असून मी गप्प बसले, असं होईल. आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू मॅट विकाले गेली होती का दुसऱ्याचा संसार सांभाळाले?" आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "दाणेदार मॅट येते नं? बसच्या पायऱ्यांवर लावतात ती."

त्या वाक्याने माझं डोकं चालू झालं. एक मॅट नाही, चार. चारही एकाच राखी रंगाच्या, पण पायाला वेगळ्या. दारापासून गॅसपर्यंत उभ्या रेघांची पट्टी. गॅससमोर दाणेदार चौकोन. मोरीपाशी बारीक खरखरीत, ओल्यात न घसरणारी. बाकी सगळीकडे साधी. तुकडे घेऊन मी वयनींकडे गेले आणि जमिनीवर मांडले. त्या अनवाणी फिरल्या. एकदा, दोनदा. मग हसायलाच लागल्या. "रेघा जरा डावीकडं घ्या. मी अशी तिरपी चालते." आम्ही दोघी अर्धी दुपार ते तुकडे सरकवत बसलो. मी त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या, स्वयंपाक करताना पदर खोचायचा आणि डॉक्टरची एकही चक्कर चुकवायची नाही.

जमीन सपाट करायला आणि मॅट बसवायला मनहरण आला. आमचा जुना कारागीर, इकडचाच छत्तीसगढी माणूस, हात सोन्याचा. त्याने तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "दीदी, अतेक जोड़ काबर? पानी भितराही त मोला झन कहिबे." इतके जोड कशाला, पाणी आत गेलं तर मला बोलू नको, असं त्याचं म्हणणं. त्याला कारण सांगता येईना. मी म्हटलं, "तू कापण्याची पट्टी सरळ धर, जोडाचं लिक्विड मी भरते." त्या लिक्विडने दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मिळतात, पाणी जात नाही. पण डोळ्याला रेघ दिसते ती दिसतेच.

भाऊ फर्स्ट शिफ्ट करून घरी यायचे, त्याआधी काम उरकायचं असं आमचं ठरलं होतं. उरकलंही. मनहरण कडा पुसत होता, वयनी ओट्यापाशी उभ्या होत्या, तेवढ्यात भाऊ आले. बूट न काढता दारात उभे राहिले आणि खाली पाहिलं.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "भाऊ, बसवली मॅट."

"मी काय सांगतलं होतं बाई तुमाले? जोड नको म्हनलं होतं का नाही? हा एक जोड, हा दुसरा, हा तिसरा! नमुने बी सारे वेगवेगळे!" आवाज आधीच मोठा, त्यात राग. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. "दुकानात उरलेले तुकडे खपवले का माह्या घरी? बाईमानूस म्हनून भरवसा ठेवला मी!"

मला आयुष्यात लोकांनी महागडी म्हटलं, कटकटी म्हटलं. खोटारडी कोणी म्हटलं नव्हतं. जिभेवर उत्तर आलेलं होतं, एका वाक्याचं. पण मी शब्द दिला होता. मी म्हटलं, "भाऊ, मले असंच बरोबर वाटलं."

"तुमाले वाटलं? घर माहं का तुमचं? उखडा हे. सारं उखडा, आत्ताच्या आत्ता."

मनहरणने माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. त्याने कटर उचलला आणि रेघांच्या पट्टीच्या टोकाशी उकिडवा बसला.

"त्याले हात नका लावू," वयनी म्हणाल्या.

"तू मधात नको बोलू, अर्चनाची माय. फसवलं यायनं आपल्याले."

"यायनं नाही फसवलं." त्यांचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "जोड मी मांगले. मले दिसत नाही."

भाऊंना वाटलं असावं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. ते पुढे झुकले. वयनींनी परत सांगितलं, या वेळी त्यांना ऐकू जाईल असं.

"मले दिसत नाही. पायानं चालते मी. भेगा बुजनार होत्या, म्हनून हे लावाले सांगतलं."

मनहरणने कटर मिटून खिशात ठेवला.

"कधीपासून?" भाऊंनी विचारलं. मी त्यांचा एवढा हळू आवाज कधी ऐकला नव्हता.

"अर्चनाच्या लग्नात कमी झालं होतं. आता तुमचं तोंड नाही दिसत. उभे आहा, एवढं समजते."

"मंग माहा डबा?"

"मीच करते."

"कालची भरली वांगी?"

"मीच केली. शेजारीन येते का तुमच्यासाठी वांगी भराले?"

भाऊ गॅसकडे पाहायला लागले. मग ओट्यावरच्या विळीकडे. मग वयनींच्या हाताकडे, जिथे मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग होता. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि हात लांब केला. तिला धरून बाहेर आणायला, दुसरं काही नाही. वयनींनी दोन्ही हात मागे नेले आणि ओट्याची कड घट्ट पकडली.

"मायले बसवलं तसं मले खाटेवर बसवू नका," त्या म्हणाल्या. "बाकी तुमी म्हनाल ते करीन. पन इथून नका काढू मले."

मी तिथे उभं राहायला नको होतं, पण दार भाऊंनी अडवलेलं. मी टेप गुंडाळत बसले. तो आधीच गुंडाळलेला होता.

भाऊ उंबऱ्यावर बसले. मिलचे जाडजूड बूट, नाड्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मोजे काढले. मग एक पाय हळूच त्या रेघांवर ठेवला, पुढे सरकवला.

"हे गॅसकडं जाते?"

"हो."

"अन् ते दाने?"

"तिथं उभं राहाचं."

भाऊंनी पाय मागे घेतला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "रामटेके बाई अन् हा मानूस सकाळपासून उपाशीच असतीन," ते म्हणाले. "जेवाले लाव काहीतरी. तोवर मी इथंच बसतो."

वयनींनी ओट्याची कड सोडली. मग त्यांनी पदर खोचला, वळल्या, पाय दाण्यांवर नेऊन ठेवला. बटण चाचपलं, गॅस पेटवला, कढई ठेवली, दोरी बांधलेला डबा काढला. तेल ओतलं. तापलं का ते पाहायला मोहरीचा एकच दाणा टाकला आणि मान वाकडी करून कान दिला. तेवढ्यात उंबऱ्यावर भाऊ अर्धे उठले होते, हात पुढे.

"बसा तुमी," वयनी मागे न वळता म्हणाल्या. "तुमी उठले का मले आयकू येते."

ते बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले आणि फोडणी पडेपर्यंत हलले नाहीत.